निमगोरी

वर्ध्यात बजाज चौकाजवळच्या एका फोटो-झेरॉक्सच्या दुकानात बसलो आहे. लाईट गेली आहे. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, झेरॉक्सचं मशीन नाही. म्हणून सातबाऱ्याची दोन पानं हातात धरून मी बाकावर वाट बघतो आहे.

माझ्या आधी एक मायलेकी आहेत. नोव्हेंबर आहे, वेचणी चालू आहे, आणि आईच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे दिसतात. पोरगी वीस-बावीसची, पायात पळायचे बूट. तिचा चेहरा समोरच्या स्क्रीनवर भला मोठा झाला आहे. दुकानातला पोरगा माऊसनं एक खुंटी उजवीकडे सरकवतो. गाल उजळतात. आणखी सरकवतो. कपाळ उजळतं, मान मात्र होती तशीच राहते. मग तो मानेवर येतो.

"आणखी थोडी करजा भाऊ," आई म्हणते. "पाहुण्याइले आजच पाठवाचा हाये. लहानपणी अशी नव्हती जी हे. भरतीसाठी उन्हात पळू पळू झाली."

"काकू, याच्यावर केली तर लाईट मारल्यावानी दिसन."

हनुवटीवरचा तीळ आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. आईच्या ते लगेच लक्षात येतं. "तीळ राहू द्या. तीळ चांगला असते." पोरगा तीळ परत आणतो. पोरगी इतका वेळ गप्प आहे. आता स्क्रीनकडे न बघताच म्हणते, "घरी पाहाले येतीन तवा हे बटन कोण सरकवन, आई?"

आई उत्तर देत नाही. पोरगा हसतो, पण आवाज न करता.

दुसऱ्या खिडकीत बायोडाटा उघडा आहे. नाव, जन्मवेळ, उंची, रक्तगट, आणि 'वर्ण : निमगोरी'. हे कुणी सांगितलं, असं मी विचारतो. पोरगा म्हणतो, सांगायला कशाला पाहिजे. जुन्या फाईलवरच नवीन नाव टाकतो, बाकीचं बदलतो, वर्ण तसाच ठेवतो. कुणाची तक्रार नाही. म्हणजे या दुकानातून गेलेली प्रत्येक मुलगी निमगोरी आहे. मजेशीर शब्द आहे. निम्मी गोरी चालते. निमकाळी असा शब्द मी कुठल्याच बायोडाट्यात वाचलेला नाही. मुलांची फाईल वेगळी आहे. तिच्यात वर्णाची ओळच नाही. तिथं नोकरी आणि शेती, आणि नोकरीपुढची जागा मोकळी राहिली की पाच एकरवाल्या पोराचा फोटो कितीही उजळला तरी उपयोग नाही, हेही तोच सांगतो.

भिंतीवर पैठणीतली एक नमुन्याची नवरी हसते आहे, दुधासारखी पांढरी. शेजारच्या किराण्यात गोरं करणाऱ्या क्रीमच्या गुलाबी पुड्यांची माळ लोंबते आहे. 1975 साली आलेल्या त्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द 2020 साली गेला आणि 'ग्लो' आला. त्याआधी, 2014 साली, जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेनं बजावलं होतं की सावळी माणसं दुःखी, अपयशी किंवा कमी आकर्षक दाखवू नका. पण इथली खुंटी कुठल्याच नियमावलीत बसत नाही, आणि आईला 'ग्लो' नको आहे. तिला काय हवंय ते तिनं सरळ सांगितलं आहे.

मला 'रंग माझा वेगळा' आठवते. 2019 साली सुरू झालेली ही मालिका घराघरांत पाहिली गेली. नायिका दीपा सावळी, आणि काळ्या रंगाचा तिटकारा असलेल्या सासूचं नाव सौंदर्या. दीपा झालेल्या रेश्मा शिंदे उजळ वर्णाच्या. त्यांना मेकअपनं सावळं केलं होतं. सावळ्या मुलीची गोष्ट सांगायची, तर मुळातच सावळी नटी का घेतली नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. पडद्यावर गोरीला रंग फासून सावळी करायचं आणि इथं सावळीला पुसून गोरी. खऱ्या सावळ्या चेहऱ्याला दोन्हीकडे काम नाही. ज्या मराठीनं स्मिता पाटीलला डोक्यावर घेतलं, तिच्यातच हे चाललं आहे, याचा मला आज जास्त राग येतो.

लाईट येते. पंखा फिरायला लागतो, झेरॉक्सचं मशीन घरघरतं. प्रिंटरमधून उजळ फोटो बाहेर येतो. आई तो पदराच्या टोकानं धरते, ओरखड्याचं बोट लागू नये म्हणून.

पोरगी आता पुढं होते. "दादा, दुसरा बी काढ. पोलीस भरतीचा. त्याले हात नोको लावू, तिथं चेहरा जुळवतेत." ती पांढऱ्या पडद्यापुढं उभी राहते, केस कानामागं घेते, सरळ बघते. एकदाच क्लिक. या वेळी खुंटी सरकत नाही. आईही काही म्हणत नाही.

पोरगा हिशेब करतो. भरतीच्या फोटोच्या आठ प्रती पन्नास रुपये. बायोडाट्याचा एक, शंभर.