वय झालं म्हणून उपचार सोडायचे का?

८५ वर्षांच्या आजींना घशाचा कॅन्सर निघाला, की घरात म्हणतात, ‘आता या वयात कशाला हाल?’ पण डॉक्टर नुसतं वय बघत नाहीत. चालणं, जेवण, वजन, इतर आजार बघून किरणोपचार, म्हणजे शेक, ठरवतात.

पूर्ण शेक साधारण ६-७ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस. घेताना दुखत नाही. पण पुढे तोंड येतं, गिळवत नाही, वजन उतरतं. म्हणून आधी दात तपासून घ्या, मिश्री-तंबाखू बंद करा, पातळ पण पौष्टिक खायला द्या.

एवढं झेपणार नसेल, तर दुखणं कमी व्हावं म्हणून थोड्या दिवसांचा शेकही देतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘हा शेक बरं होण्यासाठी, की आराम पडण्यासाठी?’

आणि घरात ठरवण्याआधी आजींना विचारा. घसा त्यांचा आहे.