पलंगावरचा साज आणि गादीचे कवच

हॉटेलच्या खोलीचे दार उघडताच प्रथम दृष्टीस पडतो तो पलंग. पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर दुलई आणि पायथ्याशी आडवी पसरलेली मखमली, रंगीत पट्टी. हॉटेलवाले तिला ‘बेड रनर’ म्हणतात. ती केवळ शोभेची नसते. प्रवासाने थकलेला पाहुणा बुटांसह आडवा होतो, बॅग पलंगावरच ठेवतो. तो मळ पांढऱ्या दुलईला लागू नये, हा तिचा खरा उपयोग.

पाहुण्यागणिक चादरी आणि उशांचे अभ्रे बदलण्याची रीत आहे. ही पट्टी, जाड पलंगपोस आणि शोभेच्या उशा मात्र दर वेळी धुतल्या जातातच असे नाही. म्हणून ज्येष्ठांनी, विशेषतः दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्यांनी, झोपण्यापूर्वी हा साज उचलून कपाटात ठेवावा. तो जमिनीवर टाकू नये. रात्री अंधारात उठताना त्यात पाय अडकून पडण्याचे भय असते. त्याच वेळी चादरीचा कोपरा वर करून गादीची शिवण टॉर्चने पाहावी. तेथे बारीक काळे ठिपके आढळले, तर ते ढेकणांचे चिन्ह असू शकते. खोली बदलून मागावी.

आरोग्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते चादरीखालचे, सहसा दृष्टीस न पडणारे आवरण. चांगल्या प्रतीच्या जलरोधक आवरणात वर कापड आणि त्याखाली पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. त्यातून द्रव झिरपत नाही, पण घामाची वाफ निघून जाते. साध्या प्लॅस्टिकवर घाम साचतो आणि वृद्धांची नाजूक त्वचा ओलसर राहून दुखावते.

या आवरणाशी एक अबोल दुःख निगडित आहे. लघवीवर ताबा न राहणारे कित्येक वृद्ध परक्या गादीवर डाग पडेल या धास्तीने प्रवासच टाळतात, किंवा प्रवासात पाणी पिणे सोडतात. पाणी तोडल्याने चक्कर येते, बद्धकोष्ठता वाढते, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका बळावतो. शिवाय दाट झालेली लघवी मूत्राशयाला अधिकच चेतवते. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दिवसभर पुरेसे पाणी प्यावे आणि निजण्यापूर्वीच्या दोनेक तासांत ते कमी करावे.

खोली राखून ठेवतानाच गादीला जलरोधक आवरण आहे का, हे विचारावे. नसल्यास ते घालून देण्याची विनंती करावी, आणि धुता येणारे एखादे शोषक अंडरपॅड सोबत न्यावे. हा प्रश्न घरातील काळजी घेणाऱ्याने आधीच फोनवर विचारलेला बरा. आईवडिलांना स्वागतकक्षात उभे करून चारचौघांत तो विचारला, तर पुढच्या प्रवासाला ते बहुधा नकारच देतील.