नेट चालत नाही म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर घेऊ नका



आपल्या बऱ्याच ग्रामसंघांच्या कार्यालयात जुना कॉम्प्युटर आहे. टायपिंग होतं, एक्सेल चालतं, पण नेट कधी येतं, कधी जातं. मग कुणीतरी सांगतं, "मशीन जुनं झालं, नवीन घ्या." त्या पैशात एखाद्या ताईला शेळ्यांसाठी कर्ज देता येईल. म्हणून ठराव लिहिण्याआधी एकदा तपासून बघा. पुष्कळदा मशीन ठीक असतं, घोळ ड्रायव्हरचा असतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?
नेटची वायर जिथे बसते, त्यामागे नेटवर्क कार्ड असतं. कार्डाची भाषा विंडोजला कळत नाही, मध्ये दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम.

घोळ कसा होतो?
मूळ कार्ड आतल्या मदरबोर्डवरच असतं. वळवाच्या पावसात विजेचा झटका वायरमधून येतो आणि ते जळतं. दुरुस्तीवाला दुसरं कार्ड बसवतो, पण जुनं अर्धमेलं कार्ड तसंच चालू राहतं. कधी घाईत भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाकला जातो.

आपल्याकडे नवीन सचिव निवडली, पण बँकेत जुन्या सचिवाचीच सही राहिली, तर काय होतं? चेक अडकतो. पैसे खात्यात असतात, पण निघत नाहीत. इथेही तसंच. नेट दारात असतं, आत येत नाही.

तपासायचं कसं?

१. आधी वायर बघा. मागे दोन खाचा असतील तर वायर नव्या कार्डाच्या खाचेत आहे ना? खाचेजवळचा बारीक दिवा लागतो का? तीच वायर दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघा. तिथेही नेट नसेल तर दोष वायरचा किंवा राउटरचा आहे, ड्रायव्हरला हात लावू नका.

२. हिशेबाच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

३. 'कॉम्प्युटर' किंवा 'धिस पीसी' या चित्रावर राइट क्लिक करून 'मॅनेज' आणि मग 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' बघा. पिवळी खूण असेल तर तिथे डबल क्लिक करा, कोड दिसेल. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. (नेटवर्क अडॅप्टर्समध्ये कार्ड दिसलं नाही तर 'अदर डिव्हाइसेस'मध्ये बघा.) कोड १२ म्हणजे दोन वस्तू एकाच जागेसाठी भांडताहेत. कोड १० म्हणजे कार्ड सुरूच होत नाही. ड्रायव्हर चुकीचा असेल किंवा कार्ड खराब असेल.

४. त्याच खिडकीत 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा आणि मोबाइलवर फोटो काढा. 'व्हीईएन'च्या पुढची चार अक्षरं कंपनी सांगतात: १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल. 'डीईव्ही'च्या पुढची चार अक्षरं मॉडेल सांगतात. विंडोज कोणतं, ३२ बिट की ६४ बिट, हेही लिहून घ्या.

५. या माहितीवरून कंपनीच्याच वेबसाइटवरून योग्य ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि पेनड्राइव्हवर घ्या. हे आधीच करा, कारण जुना ड्रायव्हर काढल्यावर नेट पूर्ण बंद होतं. 'सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करा' म्हणणारे प्रोग्राम टाकू नका.

६. जळलेल्या कार्डावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. नुसतं 'अनइन्स्टॉल' केलं तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर विंडोज त्याला परत शोधून काढतं.

७. चालू कार्डाचा चुकीचा ड्रायव्हर मात्र 'अनइन्स्टॉल' करा. त्या वेळी ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसायचं का, असा चौकोन आला तर टिक करा. मशीन रीस्टार्ट करा, पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर टाका, पुन्हा रीस्टार्ट करा.

एवढं करूनही कोड १० गेला नाही, तर कार्डच खराब असण्याची शक्यता जास्त. तरी फक्त कार्ड बदलता येतं, त्याला पूर्ण कॉम्प्युटर बदलावा लागत नाही. दुरुस्तीवाल्या दादांना स्पष्ट सांगा: "जुनं कार्ड बायोसमधून बंद करा आणि कोणता ड्रायव्हर टाकला ते लिहून द्या." ते काम येतं त्यांना, आपण मागायला हवं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. विंडोज ७ ला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला बंद झालं. अशा मशीनवर नेट सुरू झालं तरी बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. टायपिंग, हिशेबाचे तक्ते, प्रिंट यासाठी ते वापरा.

शेवटी, ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह कार्यालयाच्या कपाटात ठेवा आणि तारीख, कार्डाचं नाव, केलेलं काम नोंदवहीत लिहा. पदाधिकारी बदलल्या तरी पुढच्या ताईला पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.