पॉल मॅककार्टनी यांच्या बास गिटारी

पॉल मॅककार्टनी (जन्म: १८ जून १९४२, लिव्हरपूल) हे इंग्लिश संगीतकार असून 'द बीटल्स' या वाद्यवृंदाचे डावखुरे बास गिटारवादक म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या गिटारींपैकी होफ्नर ५००/१ व रिकनबॅकर ४००१एस या दोन विशेष परिचित आहेत. होफ्नरची निवड डावखुरेपणा व किंमत या व्यावहारिक कारणांनी झाली. तिचा नाद मात्र पुढे त्यांच्या वादनाची ओळख ठरला.

डावखुऱ्या वादकाची अडचण

बहुतेक बास गिटारी उजव्या हाताने तारा छेडणाऱ्यांसाठी घडविलेल्या असतात. अशी गिटार नुसती उलटी धरल्यास खर्जाची जाड तार खाली जाते. तारांचा क्रम बदलल्यास त्यांच्या खाचा व घोडीही जुळवून घ्यावी लागते. शिवाय आवाजाच्या कळा वरच्या बाजूस, हाताला अडथळा होईल अशा येतात.

होफ्नर ५००/१

१९६१ साली हॅम्बुर्ग येथे स्टुअर्ट सटक्लिफ यांनी वाद्यवृंद सोडल्यावर बासवादन मॅककार्टनी यांच्याकडे आले. फेंडर कंपनीची गिटार परवडणारी नव्हती. जर्मन बनावटीची होफ्नर सुमारे ३० पौंडांत मिळाली. तिचा व्हायोलिनसारखा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्याच्या हातीही ती विजोड दिसत नसे. १९६३ मध्ये त्यांनी दुसरी होफ्नर घेतली. पहिली १९७२ साली लंडनमध्ये चोरीस गेली. ती परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.

रिकनबॅकर ४००१एस

ही डावखुरी अमेरिकन गिटार त्यांना १९६५ साली मिळाली. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांत तिचा मोठा वापर झाला.

नादगुण

होफ्नर आतून पोकळ असून तिच्या तारांची कंपनलांबी सुमारे ३० इंच, म्हणजे तुलनेने कमी असते. त्यामुळे तारांवरील ताण कमी राहतो. स्वर मऊ व गोलसर उमटतो आणि लवकर विरतो. रिकनबॅकर भरीव लाकडाची व सुमारे ३३ इंच कंपनलांबीची असल्याने तिचा स्वर अधिक रेखीव व टिकाऊ असतो. सपाट वेटोळ्यांच्या तारा व नखीचा वापर यांमुळे मॅककार्टनी यांच्या वादनात घुमारा आणि स्पष्टता एकत्र आढळतात. 'पेपरबॅक रायटर' (१९६६) या गीतात ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी ध्वनिक्षेपकच ध्वनिग्राहकासारखा वापरून बासचा आवाज ठळक केला.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅककार्टनी पाच तारांची वॉल बास वाजवीत असत. गायक एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या आग्रहामुळे ते पुन्हा होफ्नरकडे वळले.