गाणे नेमके कोणाचे?

लग्नाची वरात निघाली, वाजंत्रीवाल्यांनी एखादे लोकप्रिय चित्रपटगीत वाजविले आणि मंडळी नाचू लागली, तर त्यात कायद्याचा भंग होत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधींच्या वेळच्या संगीताला सूट दिलेली असून वरातीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पण तोच प्रसंग घरातील एखाद्या मुलाने चित्रित केला, त्याला मूळ ध्वनिमुद्रणाची जोड दिली आणि यूट्यूबवर ठेवला, की थोड्याच वेळात स्वामित्वहक्काच्या दाव्याची सूचना येते. मुलगा गोंधळतो. वडील म्हणतात, “आपण कोठे ते विकायला काढले आहे?”

प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र समारंभाला मिळालेली सूट समारंभापुरतीच असते. यूट्यूबवर ठेवलेले गाणे साऱ्या जगासमोर मांडलेले असते. हक्कदारांनी दिलेल्या नमुन्यांशी नवी चित्रफीत ताडून पाहणारी यंत्रणा तेथे २००७ पासून आहे. जुळणी झाली, की ती चित्रफीत बंद करावी, तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न घ्यावे किंवा तिच्यावर नुसती नजर ठेवावी, हे हक्कदाराने ठरवावयाचे.

परंतु हा हक्कदार कोण? शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा आणि ध्वनिमुद्रण कंपनीचे. ऐकणाऱ्याला गाणे एकच वाटते. कायद्याच्या दृष्टीने त्यात अनेकांचे हक्क गुंफलेले असतात. फार काळ या सर्वांत कंपनीचे आणि चित्रपट-निर्मात्याचेच पारडे जड होते. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा चाल करवून घेतली आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर पहिला मालक निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. गायकाला तर कायद्यात स्थानच नव्हते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला पुस्ती जोडून या उणिवेबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या संगीतात चाल गाणाऱ्याच्या गळ्यातच फुलते, हे ज्यांनी एखादी मैफल ऐकली आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. गायक-वादकांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने.

खरा पालट २०१२ मध्ये झाला. गीतकार व संगीतकार यांना मानधनात समान वाटा मिळण्याचा हक्क त्या वर्षीच्या दुरुस्तीने दिला. हा हक्क त्यांना सोडून देता येत नाही, अगदी स्वतःच्या सहीनेही. तो वारसांकडे जाऊ शकतो किंवा हक्क-वसुली करणाऱ्या संस्थेकडे सोपविता येतो. गरजेच्या वेळी समोर आलेल्या कागदावर माणूस काय लिहून देतो, याची ज्यांना कल्पना आहे त्यांना या तरतुदीचे मोल कळेल. आणखी एक गोष्ट तिने केली. जे माध्यम करारसमयी अस्तित्वातच नव्हते आणि ज्याचा करारात स्पष्ट उल्लेख नाही, त्याचे हक्क त्या कराराने जात नाहीत.

इंटरनेटचा कस येथेच लागतो. आकाशवाणीसारख्या प्रसारकांना ठराविक दराने गाणी वापरण्याचा वैधानिक परवाना मिळू शकतो. तोच आपल्यालाही मिळावा, असे इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या विंक या सेवेचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते अमान्य केले. अशा सेवेला हक्कदारांशी स्वतंत्र करार करावा लागतो.

या व्यवहारात गाणे किती वेळा ऐकले गेले, याची मोजदाद होते. तबकडीच्या काळात गीतकाराला तसा हिशेब मागण्याची सोयही नव्हती. पण मोजदाद झाली तरी पैसा पोचण्यासाठी नाव नोंदलेले असावे लागते, आणि इंटरनेटवरील अनेक याद्यांत गायकाचे नाव ठळक असते, तर गीतकाराचे सापडतच नाही.

गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व त्यांच्या वारसांनाही घेता येते. ज्या घरात एखादे आजोबा गीते लिहीत होते, तेथे त्यांची जुनी करारपत्रे, तबकड्यांची वेष्टने आणि वह्या माळ्यावरून खाली काढून नीट लावून ठेवावीत. वसुलीच्या वेळी पहिला प्रश्न येतो तो हाच, की हे गाणे तुमच्या आजोबांचे कशावरून?