वाड्याचे वय ओळखताना

पुणे, वाई, सातारा किंवा नाशिक येथील जुन्या पेठांतून हिंडताना दिंडीदरवाजा, काळवंडलेले सागवान आणि मधला चौक एवढे दृष्टीस पडले की ‘हा वाडा पेशवेकालीन’ असा निवाडा आपण बिनदिक्कत देऊन मोकळे होतो; परंतु अशा कित्येक वाड्यांचे जोते एका शतकातले, लाकूडकाम दुसऱ्या शतकातले आणि छप्पर त्याहूनही अलीकडचे असते, आणि म्हणून शैलीची परीक्षा सबंध इमारतीची एकदम न करता तिच्या एकेका अंगाची स्वतंत्रपणे करावी लागते.

या परीक्षेचा आरंभ रचनेपासून करणे श्रेयस्कर. मराठेशाहीतील वाड्याचा सांगाडा लाकडी असे. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर तक्तपोशी, असा भार क्रमाक्रमाने खाली उतरे, आणि दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण धरून घराचे माप खणांतच सांगितले जाई. खांबांमधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या चपट्या विटांच्या असत. ज्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला व वास्तुशांत १७३२ मध्ये झाली, त्या शनिवारवाड्याची आजची अवस्था याच रचनेची साक्ष देते: १८२८ च्या आगीत लाकडी महाल भस्मसात झाले आणि तट, दरवाजे व जोती तेवढी उरली.

रचनेनंतर मांडणीकडे वळावे. जुना वाडा अंतर्मुख असतो. रस्त्याकडची त्याची भिंत बव्हंशी बंद असून उजेड व वारा चौकातून येतो. देवडी ओलांडली की पहिल्या चौकाभोवती सदर, कचेरी व दफ्तर, आणि त्यामागच्या चौकाभोवती माजघर, देवघर, कोठी व स्वयंपाकघर, अशी बाहेरच्यांची व घरच्यांची विभागणी असते. सामान्य भिक्षुकाचे किंवा कारकुनाचे घर एका चौकात आटोपे, तर वाईनजीक मेणवलीस कृष्णाकाठी नाना फडणीसांनी बांधलेल्या वाड्यासारख्या मातब्बराच्या वास्तूत चौकामागून चौक लागतात. तेव्हा चौकांच्या संख्येवरून धन्याच्या इतमामाचा अंदाज बांधता येतो. वाड्याचा काळ मात्र त्यावरून ठरत नाही.

काळ ठरविताना सर्वांत अधिक चकवा देते ती नक्षी. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रथम दशकात बांधविलेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू पाहावी: तळाशी कमळाच्या पाकळ्या कोरलेले व वर निमुळते होत गेलेले सुरूदार खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी, आणि खाली झुकलेली केळफुले. हा उत्तर हिंदुस्थानी थाट मराठी सुतारांनी आत्मसात केला खरा; परंतु १८१८ मध्ये राज्य गेले म्हणून सुतारांचे हात थांबले नाहीत, आणि पुढे कित्येक वर्षे सावकार व वकील मंडळींच्या माड्यांतून हेच खांब पुन्हा उभे राहिले. सबब केवळ सुरूचा खांब पाहून वाडा पेशवाईतला ठरविणे धोक्याचे.

इंग्रजी अमदानीच्या खुणा त्यामानाने उघड आहेत. घर आता रस्त्याकडे तोंड करू लागते. दर्शनी बाजूस सज्जे व गॅलऱ्या पुढे येतात, त्यांना ओतीव लोखंडाचे कठडे बसतात, खिडक्यांत रंगीत काचा चमकतात, चपट्या विटेची जागा नऊ इंची भाजलेली वीट घेते आणि तुळईऐवजी क्वचित लोखंडी गर्डर दिसतो. छपरावर मंगलोरी कौले असतील, तर ते छप्पर तरी १८६५ नंतरचे, कारण बासेल मिशनचा मंगळूर येथील कौलांचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. उतरवलेले एखादे कौल उलटेसुलटे करून पाहिले, तर त्यावर कारखान्याचे नाव उठवलेले आढळते. मात्र कित्येक कौलांवर असलेला १८६५ हा आकडा कारखान्याच्या स्थापनेचा असून त्या कौलाच्या किंवा घराच्या वयाचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

जी गोष्ट काळाची, तीच प्रदेशाची. मुसळधार पावसाच्या कोकणात जांभ्याच्या चिऱ्याचे, उतरत्या छपराचे, ओटी-पडवीचे घर दिसते; तर घाटमाथ्यापासून पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस कमी होत जाऊन मातीचे सपाट धाबे आणि मराठवाडा-खानदेशात बुरुजांच्या गढ्या लागतात.

आणखी एक बारीक खूण लाकडातच सापडते. एखाद्या तुळईला अशा खाचा असतात की ज्यांत आज कोणतीही कडी बसलेली नाही. ती तुळई बहुधा दुसऱ्या इमारतीतून किंवा याच वाड्याच्या पडलेल्या भागातून आणून बसविलेली असते. सागवान मोलाचे असल्यामुळे ते फेकून देण्याची रीत नव्हती. आगीनंतर किंवा पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरासारख्या आपत्तीनंतर झालेल्या दुरुस्त्यांतून अशी सरमिसळ होणे स्वाभाविकच होते.

शेवटी दफ्तर. सनदा, खरेदीखते, वाटणीपत्रे आणि सिटी सर्व्हेचे उतारे यांतून जागेचा इतिहास कळतो. पण जागेवर कोणाचा कबजा केव्हा आला हे कागद सांगतो, आज उभी असलेली माडी केव्हाची हे सांगेलच असे नाही. म्हणून कागद आणि लाकूड यांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहावी, आणि ‘जोते मराठेशाहीतले, माडी इंग्रजी अमदानीतली, कौले त्यानंतरची’ असा तुकड्यातुकड्यांचा जबाब निघाला तर तोच प्रमाण मानावा. असा जबाब दारावरच्या फलकास शोभणार नाही कदाचित. परंतु वाडा दुरुस्तीस काढताना काय जसेच्या तसे राखावयाचे आणि काय निःशंकपणे बदलावयाचे, हे मालकास व सुतारास त्यावरूनच ठरविता येईल.