पहिल्याने शेवटी जावयाचा नाच

इंग्रजी निबंध वाचणाऱ्यांना सर रॉजर द कव्हर्ली हे नाव नवीन नाही. १७११ साली ॲडिसन आणि स्टील यांनी 'स्पेक्टेटर' हे पत्र सुरू केले आणि त्यातून या भोळ्या, उदार जमीनदाराची ओळख वाचकांना करून दिली. याच नावाचा एक नाच त्याच्या पणजोबाने बसविला, असे तेथे म्हटले आहे. मौज अशी की, नाच आधीचा आणि जमीनदार मागाहूनचा! लोकांच्या ओठी असलेले नाव लेखकांनी उचलले आणि त्याला एक पणजोबा जोडून दिला.

हा नाच करतात तरी कसा? पाच-सहा जोड्या घ्याव्या. पुरुषांची एक रांग, तिच्यासमोर स्त्रियांची दुसरी. मध्ये मोकळी वाट. प्रत्येकाचा जोडीदार समोर उभा. व्हायोलिनवाला ज्या टोकाला असतो ते वरचे टोक, दुसरे खालचे. वरच्या टोकाची जोडी ती पहिली. चाल नऊ मात्रांची, तीन-तीनचे तीन गट. पाऊल अवघड नाही; तालात चालता आले म्हणजे झाले.

आता वरच्या टोकाचा पुरुष आणि खालच्या टोकाची स्त्री तिरकस चालत मध्ये येतात, भेटतात आणि जागेवर परततात. लगेच खालचा पुरुष व वरची स्त्री तेच करतात. पुन्हा हेच चौघे उजवा हात धरून एक फेरा घेतात, मग डावा हात धरून, मग दोन्ही हात धरून. नंतर पाठीला पाठ लावल्यासारखे एकमेकांभोवती फिरतात आणि शेवटी लवून नमस्कार करतात. तपशील गावोगाव थोडे बदलतात; परंतु सांगाडा हाच. बाकीचे तोवर टाळ्या वाजवून ताल धरतात.

यानंतर पहिली जोडी बाहेरच्या अंगाला वळते. पुरुष आपल्या रांगेमागून, स्त्री आपल्या रांगेमागून. दोन्ही रांगा त्यांच्या पाठोपाठ चालू लागतात. खालच्या टोकाला पोचताच ती दोघे हात उंच धरून कमान करतात. इतर जोड्या कमानीखालून वर जातात. पाहता पाहता दुसरी जोडी पहिली झालेली असते आणि पहिली शेवटी उभी असते. सहा जोड्या असल्या तर सहा फेऱ्यांनंतर प्रत्येकाला अग्रमान मिळून मूळचा क्रम परत येतो.

या रचनेतील मर्म ध्यानात घ्यावे. येथे पहिल्याची गाठ दुसऱ्याशी पडत नाही, थेट शेवटच्याशी पडते. आणि पहिला जर आपली जागा सोडावयास तयार झाला नाही, तर नाच तेथेच थांबतो.

डिकन्सने १८४३ च्या 'ख्रिसमस कॅरल'मध्ये नेमका हाच नाच घातला आहे. फेझिविग नावाचा व्यापारी नाताळच्या आदल्या रात्री वखार झाडून घेतो, दिवे लावतो. घरची मोलकरीण, स्वयंपाकीण, पाव भाजणारा, दूधवाला, धन्याकडे पोटभर जेवण मिळत नसावे असा संशय असलेले शेजारचे पोर, सगळे येतात. रात्र रंगात आली असता 'सर रॉजर'ची चाल सुरू होते आणि फेझिविग पत्नीसह पहिल्या जोडीच्या जागी उभा राहतो. त्या जागी उभे राहणे म्हणजे खाली जाणे कबूल करणे होय.

घड्याळात अकरा वाजतात आणि मेळा मोडतो. दुसऱ्या दिवशी मालक तो मालक आणि नोकर तो नोकरच. नाचाने समाजाची उतरंड मोडली, असे कोणी म्हणू नये. पण आपली जागा हसतमुखाने दुसऱ्याला देण्याचा सराव या दोन रांगांनी पिढ्यान्पिढ्या करून घेतला. नृत्यगृहांत वॉल्ट्झ आणि पोल्का यांची चलती झाल्यावर असले नाच मागे पडू लागले. १९११ साली सेसिल शार्प यांनी इंग्लिश लोकनृत्यांसाठी संस्था काढली, तेव्हा केवळ पावलेच नव्हे, तर ही रीतही जतन होऊ लागली. ज्या जोडप्याच्या गोलात दुसऱ्याला शिरता येत नाही, त्या नाचात ही गोष्ट कोठून सापडणार?